तात्यांचा माग, आईचं मशीन

आमचं गाव माण तालुक्यातलं. सातारा जिल्हा एकच, पण पश्चिमेला महाबळेश्वरात पाऊस चार महिने थांबायचं नाव घेत नाही आणि पूर्वेला आमच्याकडं तो घाईतल्या पाहुण्यासारखा येतो, चहाला सुद्धा थांबत नाही. अशा मुलखात मेंढरं जगतात, म्हणून धनगर जगतात. आणि मेंढरांच्या अंगावर लोकर असते, म्हणून आम्ही सणगर जगायचो. धनगरांनी मेंढरं कातरायची, त्यांच्या बायकांनी लोकर पिंजून सूत काढायचं आणि आमच्या घरांनी त्या सुताची घोंगडी विणून म्हसवडच्या बाजारात न्यायची, अशी ती साखळी होती.

आमच्या पडवीत जमिनीतच एक खड्डा होता. तात्या, म्हणजे माझे आजोबा, त्यात पाय सोडून मागावर बसायचे. पायाखाली पावड्या, हातात धोटा, समोर ताणलेलं उभं सूत. त्या सुताला चिंचोक्याची खळ लावलेली असे. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून आजी ती खळ शिजवायची. तिचा वास आमच्या घराला, अंथरुणाला, आम्हा पोरांच्या केसांना कायमचा चिकटलेला. वर्गातल्या पोरी नाक मुरडायच्या. मला मात्र त्या वासाशिवाय झोप यायची नाही.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी चार वर्षांची होते. मला आठवतं ते एवढंच, वाटीतली सुकडी आणि आईच्या तळहातावरचे घट्टे. ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. दुष्काळ सरला, पण माग काही पहिल्यासारखा चालला नाही. आमच्या ओळखीच्या धनगरांनी मेंढरं विकून टाकली होती. बाजारात पानिपतकडची गिरणीतली ब्लँकेटं आली होती, हलकी, रंगीत, घोंगड्यापेक्षा स्वस्त. तात्या महिन्याला एखाद-दुसरं घोंगडं विणायचे आणि आई रोजगार हमीवर जायची. वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो, ते मुंबईला गिरणीत साच्यावर होते. मनिऑर्डर यायची, तिच्यावर घर चालायचं.

मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांनी पुकारलेला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी आमच्या सातारा भागातले होते. आण्णा आले ते होळीला जाऊ म्हणाले, मग आखाडीला, मग दिवाळीला. पुढं त्यांनी बोलणंच सोडलं. पडवीत एका बाजूला माग बंद, दुसऱ्या बाजूला साच्यावरचा माणूस गुडघ्यात मान घालून बसलेला. विणकरांच्या घरात दोन विणकर होते आणि धागा कुणाच्याच हातात नव्हता.

अशा वेळी ग्रामसेवक ट्रायसेमचं नाव घेऊन आले. खेड्यातल्या तरुणांना धंद्याचं शिक्षण द्यायची ही केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९७९ ला सुरू झालेली. अठरा ते पस्तीस वयाच्या मुला-माणसांनी काहीतरी हातकाम शिकायचं आणि मग एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून कर्ज घेऊन धंदा मांडायचा. शिकणाऱ्यांत एक तृतीयांश बायका हव्यात, असा नियम होता. म्हणून ग्रामसेवक बायका शोधत हिंडत होते. आईचं वय तेहतीस. ती चौथी शिकलेली. तालुक्याला तीन महिन्यांचा स्वेटर विणायचा वर्ग होता आणि वर जेवणाखाण्यापुरता भत्ता मिळत होता.

"खडी फोडून रोज जेवढं मिळतं त्याच्या जवळपास मिळंल," आई म्हणाली, "आन् बसून करायचं काम हाय."

तात्या तिच्याशी थेट बोलत नसत. सासरा-सुनेची तशी रीतच होती. ते मला म्हणाले, "तुझ्या आईला इचार, लोखंड कधी इणतं का?"

तीन महिने आई एसटीनं दहिवडीला जाऊन आली. वर्गात चार मशिनी आणि वीस बायका. एकेकीच्या वाट्याला दिवसातून जेमतेम तासभर मशीन यायचं. बाकीचा वेळ दुसरीचं बघायचं आणि वहीत लिहायचं. ती वही अजून माझ्याकडं आहे. शेवटी प्रमाणपत्र मिळालं, कर्ज मंजूर झालं. अत्यल्पभूधारकांना आणि शेतमजुरांना तेव्हा तिसरा हिस्सा अनुदान असायचं, उरलेलं बँकेला हप्त्यानं फेडायचं. कागदांवर आईनं सह्या केल्या. मशीन तिच्या नावावर, कर्जही तिच्या नावावर. घर तात्यांच्या नावावर होतं, अडीच एकर माळ तात्यांच्या नावावर, मुंबईची खोली तर भाड्याची. आमच्या घरात आईच्या नावावर झालेली ती पहिली वस्तू.

१९८३ च्या पावसाळ्यात एसटीच्या टपावरून गोणपाटात बांधलेलं मशीन उतरलं. वेशीपासून पोरांची वरात मागं. त्या दिवशी तात्या जेवले नाहीत.

आणि गोणपाट सोडल्यावर कळलं की वर्गातलं मशीन वेगळं होतं आणि हे वेगळं. वर्गातली मशिनं घोड्यावर बसवलेली, मोठी, दोन बाजूंनी सुया असलेली, लुधियानाच्या कारखान्यांत चालतात तशी. हे घरगुती. लांब, चपटं, हार्मोनियमच्या पेटीसारखं, एकाच ओळीत सुया, टेबलाच्या कडेला पकडीनं आवळून बसवायचं. कर्ज देताना ज्यांनी मशीन ठरवलं त्यांनी आईला विचारलं नव्हतं. परत करायला गेलो तर म्हणाले, मशीन ते मशीन, स्वेटर झाल्याशी कारण. हप्ता मात्र पुढच्या महिन्यापासून सुरू झाला. आई पुन्हा खडीवर जाऊ लागली. आता ती मशीनचा हप्ता भरण्यासाठी खडी फोडत होती आणि मशीन बाजरीच्या पोत्यांमागं पडून होतं.

यंत्र घरात येणं आणि यंत्र सुरू होणं या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी कागदावर आमचं मशीन जूनमध्येच सुरू झालं होतं.

मशीनबरोबर एक पातळ पुस्तिका आली होती, सगळी इंग्रजीत. मी नववीत. दिवाळीच्या सुट्टीत मास्तरांकडून शब्दकोश मागून आणला आणि कंदिलाजवळ बसून एकेक ओळ लावू लागले. आई समोर बसायची आणि मी सांगेन तो भाग हातात घ्यायची. पुस्तिकेत एक शब्द सारखा यायचा, लॅच. कोशात अर्थ दाराची कडी. सुईला दाराची कडी कशी असेल? आईनं सुई हातात घेतली, नखानं चाचपली आणि म्हणाली, "ही काय जीभ. हलतीया बघ."

त्या एवढ्याशा जिभेवर सगळं मशीन चालतं. सुईच्या टोकाला आकडा आणि आकड्याच्या मागं हलणारी जीभ. सुई पुढं सरकली की तिच्यावरचा जुना टाका जिभेच्या मागं जातो. उघड्या आकड्यात नवा धागा पडतो. सुई मागं येऊ लागली की जुना टाका जिभेला ढकलून आकडा मिटवतो आणि वरून घसरून पडतो. आत राहतो तो नवा टाका. हातानं विणताना दोन सुयांवर जे एकेक टाका करत करायचं, ते इथं वरचा सरकता ठोकळा, त्याला कॅरेज म्हणतात, एका फेरीत सगळ्या सुयांवर करतो.

पुढं मी इतिहास शिकवू लागले तेव्हा या जिभेचा माग काढला. विणायचं पहिलं यंत्र केलं ते इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम ली यानं, १५८९ साली. तो पाद्री होता म्हणतात. पायमोजे विणायचं यंत्र घेऊन तो राणी एलिझाबेथकडं गेला आणि तिनं त्याला हक्कपत्र दिलं नाही. हातानं मोजे विणून पोट भरणाऱ्या माझ्या गरीब प्रजेचं काय होईल, अशी तिची काळजी होती, अशी कथा सांगतात. खरं-खोटं राणीला ठाऊक. ली फ्रान्सला गेला आणि तिकडंच हलाखीत मेला. त्याच्या यंत्राला जिभेची सुई नव्हती. ती आली एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, लेस्टरच्या मॅथ्यू टाउनसेंडकडून. आणि तिच्यावर बेतलेलं सपाट, हातानं चालवायचं यंत्र अमेरिकेत १८६३ साली आयझॅक लँब यानं केलं. लँब म्हणजे कोकरू. हे मी तात्यांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा त्या मशीनकडं बघून हसले. म्हणाले, "मग आपलाच म्हनायचा."

पुस्तिका लावून झाली आणि आम्ही मशीन मांडलं. आण्णांनी जुन्या दाराच्या फळीचं टेबल केलं. प्रत्येक सुईला धाग्याचा एकेक वेढा घालून टाके घातले. खाली दात्यांची पट्टी अडकवली आणि तिला वजनं लावली, म्हणजे टाके खाली ओढलेले राहतात. पुस्तिकेत ठळक अक्षरात लिहिलेलं मी मोठ्यानं वाचलं. कॅरेज अर्ध्यात थांबवू नका. अर्ध्यातून मागं आणू नका. शेवटच्या सुईच्या पलीकडं गेल्याशिवाय वळू नका. आईनं पदर खोचला, दोन्ही हातांनी कॅरेज धरलं आणि सरकवलं. खर्रर्र असा आवाज झाला. एक ओळ झाली. दुसरी ओळ झाली. पाचव्या ओळीला मधले आठ-दहा टाके गळाले आणि विणलेलं सगळं वजनासकट धपकन् खाली पडलं.

असं किती वेळा झालं, त्याचा हिशोब नाही. रात्री मांडायचं, आठ-दहा ओळी व्हायच्या, पडायचं. आई पुन्हा वेढे घालायची. आम्ही जिभा तपासल्या. वाकड्या निघाल्या त्या सुया काढून टोकाच्या, वापरात नसलेल्या सुया त्या जागी घातल्या. शिवणयंत्राचं तेल घातलं, ते जास्त झालं आणि लोकरीला डाग पडले. ताणाची तबकडी एकापासून दहापर्यंत फिरवून पाहिली. आण्णा म्हणाले, "साचा असता तर मी सांगितलं असतं." ते गेल्या कित्येक दिवसांतलं त्यांचं सगळ्यात मोठं वाक्य होतं.

तात्या पडवीतून बघत असायचे. बघत नसल्यासारखं बघत असायचे. एका रात्री पुन्हा सगळं गळालं आणि आई तिथंच खाली बसली. रडली नाही, पण मशीनची पकड सोडवू लागली. पोत्यांमागं परत ठेवायचं तिच्या मनात होतं. तेव्हा तात्या उठून आत आले. लोकरीचा गुंडा उचलला, हातात फिरवला, धाग्याचं टोक धरून दोनदा ओढून पाहिलं. गुंडा टणकन् उडाला.

"पोरी," तात्या म्हणाले. माझ्याकडं बघून नव्हे. आईकडं बघून. "सूत वडून येतंय. ह्यो गुंडा दगडावानी वळलायस. मागावर असली कांडी घातली तर धोटा दोन फेऱ्यांत सूत तोडंल. मशिनीत तुटत न्हाई, टाका वडतंय. कांडी सैल भर."

त्यांनी माळ्यावरचा रहाट काढला. कित्येक महिन्यांनी. जुन्या वर्तमानपत्राचा शंकू करून चातीवर बसवला आणि आम्ही हातानं वळलेला गुंडा त्याच्यावर सैल, एकसारखा भरून दिला. शंकू उभा ठेवून वरून धागा ओढला तर तो तुपासारखा यायला लागला. मग म्हणाले, "खळ लावल्याबिगर सूत सरळ चालत न्हाई. ह्याला काय लावत्यात?"

मी पुस्तिका उघडली. लिहिलेलं होतं. मेण. मी तो शब्द आधी वाचला होता आणि मशीनची लाकडी पेटी पुसायला असेल म्हणून सोडून दिला होता. देवघरातली मेणबत्ती आणली. शंकू भरताना धागा तिच्यावरून घासून नेला.

त्या रात्री आईनं साठ ओळी विणल्या. मी मोजल्या. एकही टाका गळाला नाही. तात्या खड्ड्याच्या काठावर बसून शेवटपर्यंत बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं सूत आणलं, काळ्या मेंढराच्या लोकरीचं, घोंगड्याचं. हे चालतंय का बघ म्हणाले. नाही चाललं. दख्खनी मेंढराची लोकर राठ आणि सूत जाड, मधूनच गाठाळ. तीन ओळीत कॅरेज अडकलं आणि दोन सुया वाकल्या. दुकानातून आणलेली जी "लोकर" मशीनवर सरसर चालत होती ती कॅशमिलॉनची, तिला मेंढराच्या अंगाचा वाराही लागलेला नव्हता. तात्या काही बोलले नाहीत. आपलं सूत गुंडाळून घेऊन गेले. त्यांच्या हातांनी आमचं मशीन सुरू केलं, पण त्यांच्या सुताला त्यात जागा नव्हती. हे दोन्ही एकाच आठवड्यात घडलं.

मराठीत विणणं हा एकच शब्द आहे. घोंगडं विणायचं, स्वेटर विणायचा, बाज विणायची. पण मागाचं विणकाम उभ्या आणि आडव्या सुताचं, आणि स्वेटरचं एकाच धाग्याचं, फासात फास अडकवून केलेलं. आपल्याकडं हे दुसरं काम गोऱ्या लोकांबरोबर आलं. मिशनच्या शाळांतून, मग शहरांतल्या बायकांच्या संस्थांतून पसरलं. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं १९०९ साली सेवासदन सुरू झालं, तिथं बायकांना शिक्षणाबरोबर हातकामाचे वर्ग होते. विधवेच्या, टाकलेल्या बाईच्या हाताला काहीतरी असावं, हा त्यामागचा विचार. आईच्या ट्रायसेमच्या वर्गाची मुळं मला तिथं दिसतात, जरी आईला रमाबाई रानडे ठाऊक नव्हत्या.

पहिलं खरं काम मिळालं ते शाळेचं. गावातल्या शाळेनं निळे स्वेटर ठरवले आणि तीस स्वेटर आईकडं आले. तालुक्याच्या दुकानातून लोकर उधारीवर आणली. आईच्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलं होतं, "आधी नमुना". म्हणजे ज्या लोकरीनं, ज्या ताणावर विणायचं, त्यानंच आधी एक छोटा तुकडा विणायचा आणि एका इंचात किती टाके, किती ओळी बसतात ते मोजायचं. आमच्या तुकड्यात इंचाला सात टाके आणि दहा ओळी बसल्या. चोवीस इंच छातीच्या पोरासाठी दोन इंच सैल धरून सव्वीस, त्याची पुढची बाजू तेरा इंच, तेरा साते एक्याण्णव, शिवणीला दोन टाके जास्त. त्र्याण्णव. चौथी शिकलेल्या बाईनं हे गणित बोटांवर केलं. मी नववीत असून मला कागद लागला.

तरी चुकलो. तुकडा मशीनवरून काढल्या-काढल्या आम्ही मोजला होता. वजनांनी ओढलेलं विणकाम लांबलेलं असतं. रात्रभर पडू दिलं की ते आपल्या मूळ मापावर येतं, इंचाला ओळी जास्त बसू लागतात. हे आम्हाला कळलं तेव्हा अकरा स्वेटरांचे पुढचे-मागचे भाग विणून झाले होते आणि सगळे दीड-दोन इंच आखूड. हप्ता थकलेला, लोकर उधारीची, शाळेला दिलेली तारीख आठ दिवसांवर. आई रात्रभर त्या बावीस तुकड्यांकडं बघत बसली होती.

सकाळी तात्यांनी एक तुकडा हातात घेतला आणि टोक सोडवून ओढलं. ओळीमागून ओळ सरसर उसवत आली. घोंगड्याचं असं होत नाही. खळीनं आणि पाण्यानं आवळून बसलेलं घोंगडं चुकलं तर चुकलंच, ते कमी दरानं विकायचं. तात्या धागा ओढत राहिले आणि मोठ्यानं हसले.

"ह्यो बरा धंदा हाय की गं. चुकलं तर सूत माघारी मिळतंय!"

सगळं घर उसवायला बसलं. उसवलेली लोकर कुरळी होते. तिच्या लडी करून, ओल्या करून, खाली पाण्याचे तांबे बांधून दोरीवर वाळत घातल्या. दोन दिवसांत सूत सरळ झालं. तात्यांनी रहाटावर शंकू भरले, मी मेण लावलं, आईनं विणलं. आणि शिवणी? स्वेटरचे भाग जोडायला दाभणासारख्या जाड सुईनं एकेक टाका पकडत बसावं लागतं. ते काम आण्णांनी घेतलं. सुरुवातीला दार लावून. साच्यावरचा माणूस बायकी काम करतो असं कुणी म्हणू नये म्हणून. तीस स्वेटर एक दिवस उशिरा गेले. पुढच्या वर्षी ते दार उघडं ठेवून बसायला लागले.

नॉटिंगहॅमकडच्या मोजे विणणाऱ्यांच्या घरांबद्दल मी वाचलं तेव्हा मला आमचीच पडवी दिसली. तिथंही यंत्र घरातच असे. पुरुष यंत्रावर, बायका शिवणीला, पोरं कांड्या भरायला. आमच्याकडं फक्त जागा बदलल्या होत्या. पण एक फरक मोठा. तिथं बहुतेकांची यंत्रं मालकाची असत. काम मिळो न मिळो, यंत्राचं भाडं मजुरीतून कापलं जाई. १८११ साली त्या भागात मजुरांनी रात्री यंत्रं फोडायला सुरुवात केली ती काही लोखंडाचा राग म्हणून नव्हे. पडलेली मजुरी, वाढलेलं भाडं आणि हलका माल यांचा तो राग होता. सरकारनं १८१२ साली यंत्र फोडणाऱ्याला फाशीचा कायदा केला. लॉर्ड बायरन हा कवी त्या कायद्याविरुद्ध वरिष्ठ सभागृहात बोलला होता. वर्गात हा धडा शिकवताना मुलं हसायची, "बाई, मशीन फोडून काय होतंय?" मी त्यांना विचारायची, "मशीन कुणाच्या नावावर होतं, ते आधी सांगा."

आमचं मशीन आईच्या नावावर होतं. थंडीच्या चार महिन्यांत ती दिवसाला दोन स्वेटर काढायची. उन्हाळ्यात काम नसायचं, तेव्हा ती पुन्हा खडीवर जायची, हेही सांगितलं पाहिजे. एका मशीननं घर वर आलं, असं योजनेच्या अहवालात लिहायला बरं वाटतं. आमचं घर वर आलं ते मशीन, खडी, आण्णांनी धरलेली दुसऱ्याची शेती आणि माझी शिष्यवृत्ती, सगळं मिळून. पण १९८७ साली शेवटचा हप्ता भरून आई बँकेतून बाहेर आली, तेव्हा तिच्या हातात जो कागद होता त्यावर तिचं पूर्ण नाव होतं. घरी येऊन तिनं तो तात्यांच्या पुढ्यात ठेवला. तात्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद उलटा धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "झ्याक."

पुढं लुधियानाचे तयार स्वेटर ढिगानं आले, आईच्या लोकरीच्या दामापेक्षा स्वस्त. शाळेनंही ठेकेदाराकडून घ्यायला सुरुवात केली. १९९७ साली म्हसवडला माणदेशी महिला बँक उभी राहिली आणि बायकांच्या नावावर कर्ज ही आमच्या भागात नवलाची गोष्ट राहिली नाही. तोवर आईच्या मशीनचं काम जवळजवळ थांबलं होतं. बाळंतविडे, कानटोप्या, एवढंच. गावातल्या सात-आठ पोरी तिच्याकडं शिकून गेल्या. प्रत्येकीला ती पहिला आठवडा मशीनला हात लावू द्यायची नाही. फक्त शंकू भरायला लावायची. पोरी कंटाळायच्या. "आधी सूत," आई म्हणायची, "मग मशीन."

तात्या गेले ते एका पौषातल्या पहाटे. अंगावर त्यांनीच विणलेलं घोंगडं होतं आणि डोक्याला मशीनवरची कानटोपी.

मशीन आता माझ्या घरात आहे. त्याच्यासोबत आईचा पत्र्याचा डबा आला, नमुन्याच्या तुकड्यांनी भरलेला. प्रत्येक तुकड्याला कागदाची चिठ्ठी टाचलेली. टाके, ओळी, ताण, आणि पोराचं नाव. अगदी तळाला एक काळा, राठ तुकडा आहे, तीन ओळींचा. त्यालाही चिठ्ठी आहे. आईच्या अक्षरात लिहिलंय, "मामंजींचं सूत. चालत नाही. ठेवणे."